समोरच्याचा देव न काढता विज्ञानावर कसं बोलावं

दुपारचे चार वाजले होते. सासूबाईंचा उपास होता. मी बाहेरच्या खोलीत आले तर त्या खुर्चीत बसून पदराने कपाळ पुसत होत्या. पंखा चालू होता, तरी मानेवर घामाचे थेंब. जपमाळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते, कारण बोटं थरथरत होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला ६२.

मधुमेह असलेल्या माणसाची साखर ७०च्या खाली गेली की ताबडतोब काहीतरी गोड द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तसं केलं. आकडा ८८ आला, माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. "कसला देव हा, जो म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून मारतो? एवढ्या शिकलेल्या घरात ही अंधश्रद्धा?"

त्या काहीच बोलल्या नाहीत. उपास मात्र सोडला नाही. फक्त मला सांगणं सोडलं. सात महिन्यांनी गोळ्यांची डबी आवरताना हिशेब लागेना, तेव्हा मला ते कळलं. त्या गुपचूप उपास करत होत्या आणि वर गोळीही घेत होत्या. म्हणजे माझ्या त्या बोलण्याचा परिणाम एवढाच झाला होता की मधल्या काळात आकडा ६२ वर गेला असता तरी घरात कुणाला कळलं नसतं.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मी देव मानत नाही, आणि कुणी विचारलं तर ते लपवत नाही. माझ्या आसपासची बहुतेक माणसं मात्र मनापासून श्रद्धाळू आहेत आणि त्यांच्याशी मला बोलायचं असतं: औषधांबद्दल, उत्क्रांतीबद्दल, ग्रहणाबद्दल. ते कसं बोलायचं हे मी फार उशिरा शिकले. सासूबाईंचा धर्म कोणता हे इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरातला जो असेल तो धरा.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघा

त्या दिवशी मी एका दमात तीन गोष्टी बोलले होते. उपाशीपोटी ती गोळी धोक्याची आहे, ही पहिली. तुमचा देव निर्दयी आहे, ही दुसरी. आणि तुम्ही अडाणी आहात, ही तिसरी. यातली पहिली तपासून खरी ठरवता येते, आणि बोलायची गरज तेवढीच होती. पण उरलेल्या दोन ऐकू आल्यावर पहिली ऐकायला कोण थांबेल?

म्हणून बोलायच्या आधी स्वतःला विचारा, की आत्ता नेमका प्रश्न कोणता आहे. जगाबद्दलचा एखादा दावा आहे का, जो मोजून-बघून पारखता येईल? की घ्यायचा निर्णय आहे: गोळी घ्यायची का, लस द्यायची का, ऑपरेशन करायचं का? की त्या माणसाला जगायला बळ देणारी गोष्ट आहे? गेलेलं माणूस पुन्हा भेटेल असं एखाद्या विधवेला वाटतं, तेव्हा ती तुमच्यासमोर सिद्धता मांडत नसते. तिथे ऐकावं, हात हातात घ्यावा. विज्ञानाने तिथे काही बोलावं असं तिने सांगितलेलंच नसतं.

आणि प्रश्न पहिल्या प्रकारचा असला, तर तेवढ्यावरच राहावं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे हे सांगताना "म्हणजे तुमचा निर्माता नाहीच" असं शेपूट जोडायचा मोह होतो. ते जोडू नका. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, हे वय काढलं. त्यातून निघतं ते खडकाचं वय. देवाबद्दल त्या आकड्यात काही नाही. समोरच्याला "एकतर हे, नाहीतर तुझा देव" असा पेच घातला, तर तो देवच निवडणार. देवाबरोबर त्याची आई, त्याचं बालपण, त्याची माणसं येतात. तुमच्याबरोबर येतं एक समस्थानिक.

काही शब्द बाजूला ठेवा

"अंधश्रद्धा" हा शब्द लेखात, कायद्यात, सभेत ठीक आहे. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर तो वापरलात की संवाद तिथेच संपतो. तो ऐकणाऱ्याला "तू आंधळा आहेस" एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी त्या गोष्टीचं नाव घ्या: "हा ताईत", "हा उपास", "ही भविष्यवाणी". नेमक्या गोष्टीवर बोलता येतं. शिक्का मारला की माणूस फक्त बचाव करतो.

दुसरा शब्द "मानणे". आपल्या भाषेत देव मानतात, वडीलधाऱ्यांना मानतात, आणि मग लोक विचारतात, "मॅडम, तुम्ही उत्क्रांती मानता का?" या एका क्रियापदामुळे उत्क्रांती ही देवाच्या शेजारची दुसरी मूर्ती होऊन बसते. मी म्हणते, "मानत नाही, मला पटली आहे. का पटली ते सांगू?" पटणे हा आपल्याकडचा फार गुणी शब्द आहे. पटायला कारण लागतं, आणि उद्या कारण कोसळलं तर पटलेलं न पटू शकतं. त्यात कमीपणा नाही. समोरच्यालाही "तुम्ही हे का मानता?" असं विचारण्याऐवजी "हे तुम्हाला कशामुळे पटलं?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला लोक छाती पुढे काढून उत्तर देतात, दुसऱ्याला जरा आठवून.

तिसरा घोटाळा "थिअरी"चा. "ती काय, नुसती थिअरी आहे," असं म्हणताना माणसाच्या मनात अंदाज असतो. आपल्याकडे अंदाजाला "गृहीतक" आहे, आणि तपासून-पारखून उभं राहिलेल्याला "सिद्धांत" आहे. सिद्धांत या शब्दातच "सिद्ध" आहे. हे समजावताना पाठ्यपुस्तकी व्याख्या सांगू नका. "जंतूंमुळे रोग होतात, हीसुद्धा थिअरीच, पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरने हात धुवावेत असं आपल्याला वाटतं ना?" एवढं पुरतं.

विचारा, आणि मग खरंच ऐका

डबीचा हिशेब लागल्यावर मी चार दिवस गप्प राहिले. मग एका सकाळी घरात आम्ही दोघीच असताना त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आई, त्या दिवशी मी तुमचा देव काढला. चुकलं माझं. उपास करायचा की नाही हे मी सांगणार नाही. पण मला समजून घ्यायचंय. तुम्ही तो कधीपासून करता?"

बराच वेळ त्या मणी ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे गेले त्या वर्षापासून. दिवसभर भूक लागते ना, तेवढ्या वेळा ह्यांची आठवण येते. जेवलं की विसरायला होतं."

मी त्या घरात २२ वर्षं राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी ज्याला कर्मकांड म्हणत होते, ते त्यांच्यासाठी नवऱ्याला भेटायला जाणं होतं. त्यानंतर मला वाद घालायची इच्छाच उरली नाही, फक्त त्यांची साखर सांभाळायची होती.

"त्या दिवशी गोळी घेता?"

"घेते की. औषध चुकवू नये असं तूच सांगतेस."

"पोटात काही नसताना ती गोळी काय करत असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"साखर कमी करत असेल."

"कुठली?"

त्या थांबल्या. "खाल्लेली... पण मग खाल्लंच नाही तर..." आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी तीनच वाक्यं बोलले. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे तिला कळत नाही. रक्तात असेल ती साखर ती खाली ओढत राहते, मेंदूला लागणारीसुद्धा, म्हणून हात थरथरतात. एवढं सांगून मी विचारलं, "तुमच्या धर्मात आजारी माणसाला काय सांगितलंय?"

"विचारते," त्या म्हणाल्या.

हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक मोठ्या धर्मांत आजाऱ्याला उपासातून सूट आहे. पण ते मी सांगण्यात अर्थ नव्हता. ज्यांच्या शब्दाला त्यांच्या मनात वजन आहे, त्यांनी ते सांगायला हवं होतं. सासूबाई आपल्या धर्मातल्या ज्येष्ठांना विचारून आल्या. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उपासाच्या दिवसांसाठी गोळी बदलून दिली, दिवसातून तीनदा तपासायला सांगितलं आणि ७०च्या खाली आकडा दिसला की उपास सोडायचा हे ठरलं. उपास थांबला नाही. लपवाछपवी थांबली.

या पद्धतीला शास्त्रीय आधार आहे, हे मला नंतर कळलं. १९८३ मध्ये विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने दारू सोडवण्याच्या कामातून अशी बोलण्याची रीत मांडली. पुढे स्टीफन रोलनिकबरोबर ती वाढवली. बदलाची कारणं समुपदेशकाने सांगण्यापेक्षा ती त्या माणसाच्या तोंडून निघतील असं बोलायचं, हे तिचं मर्म. "पण मग खाल्लंच नाही तर..." हे वाक्य मी उच्चारलं असतं, तर ते सासूबाईंचं झालं नसतं.

"का" पेक्षा "कसं" विचारणंही असंच कामाचं. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विचारलं, की कपड्याची चेन, कुलूप, शिवणयंत्र कसं चालतं हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला भरपूर गुण दिले. मग ते टप्प्याटप्प्याने लिहून दाखवायला सांगितलं. लिहून झाल्यावर लोकांनी आपले गुण आपणच कमी केले. कुणी त्यांना चूक म्हटलं नव्हतं. म्हणून "हा खडा बोटात घातला की नोकरी मिळते" असं कुणी म्हणालं, तर "कशी मिळते? मधे काय काय घडतं?" असं विचारा, आणि मग उत्तराची खरोखर वाट बघा. उलटतपासणीचा सूर लागला तर प्रश्न न विचारलेला बरा. समोरच्याला तो लगेच कळतो.

मग पुरावे सांगूच नयेत का? तसं नाही. पुरावा दाखवला की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो, असं २०१० मधल्या राजकीय गैरसमजांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासानंतर सगळीकडे लिहिलं गेलं. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १० हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगमालिकेत असा उलटा परिणाम जवळपास दिसलाच नाही. लोक वस्तुस्थिती ऐकतात. फक्त ती अपमानात गुंडाळून दिलेली नसावी.

"आमच्या ग्रंथात हे आधीच लिहिलंय"

हे वाक्य कधी ना कधी तुमच्या वाट्याला येईलच. महास्फोट आमच्या ग्रंथात आहे, अणू आहे, विमान आहे. मी वर्गात अनेकदा ऐकलं, आणि सुरुवातीची काही वर्षं मी हसून घालवलं. त्या हसण्याने दुखावलेली मुलं मला नंतर कधी प्रश्न विचारायला आली नाहीत.

आता मी आधी हे ओळखते की बोलणारा विज्ञानाचा मान करतोय. त्याला वाटतं, विज्ञान इतकं मोठं आहे की आपल्या पूर्वजांना ते माहीत असायलाच हवं. शत्रू असं बोलत नाही. मग मी हॅलीची गोष्ट सांगते.

धूमकेतू दिसला की जगभर लोक हादरायचे. राजा मरणार, साथ येणार. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने जुन्या नोंदी ताडून १७०५ मध्ये लिहिलं, की १५३१, १६०७ आणि १६८२ ला दिसलेला धूमकेतू एकच आहे आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅली १७४२ मध्ये वारला. १७५८ च्या २५ डिसेंबरला जर्मनीतल्या एका खगोलवेड्या शेतकऱ्याला तो धूमकेतू दिसला. सांगणारा जिवंत नव्हता, पण सांगितलेलं खरं ठरलं, आणि ते कुणालाही आकाशाकडे बघून पडताळता आलं.

गोष्ट संपली की मी विचारते, "शोध लागण्याच्या आधी कुणी तुमच्या ग्रंथातलं ते वाक्य वाचून सांगितलं होतं का, की इथे शोधा, सापडेल?" हा प्रश्न विचारताना माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर येऊ नये याची मी काळजी घेते. कारण प्रश्न ग्रंथ खोटा आहे असं म्हणत नाही. ग्रंथ ज्यासाठी लिहिला गेला ते काम आणि प्रयोगशाळेचं काम वेगळं आहे, एवढंच त्यातून पुढे येतं.

आणि मग झॉर्झ लमेत्र. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. बेल्जियमचा हा भौतिकशास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये समीकरणांतून मांडलं, आणि १९३१ मध्ये त्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी असं सुचवलं. महास्फोटाच्या कल्पनेचा उगम इथला. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या शोधाचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला. एखाद्या धर्मगुरूला याहून आनंदाची गोष्ट कोणती? पण लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने आपली नाराजी वरपर्यंत पोचवली, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही.

ही हकिकत ऐकल्यावर श्रद्धाळू माणूस विचारात पडतो, कारण सांगणारा त्याच्याच बाजूचा आहे. मी एवढीच पुस्ती जोडते: विज्ञानाचा आजचा निष्कर्ष श्रद्धेचा खांब केला, आणि उद्या निष्कर्ष सुधारला, तर खांबाचं काय?

मात्र अशा उदाहरणांचा वापर जपून करा. "बघा, मोठमोठे शास्त्रज्ञही श्रद्धाळू होते" हे जसं देवाचं प्रमाण नाही, तसं "बघा, मोठमोठे शास्त्रज्ञ नास्तिक होते" हेही नाही. यासाठी मला १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आवडतं. ते अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळालं. सलाम नेमाने धर्म पाळणारे. नोबेलच्या मेजवानीत बोलताना त्यांनी कुराणातली वचनं म्हटली. वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघे आपापल्या वाटेने विद्युतचुंबकीय आणि क्षीण बल या निसर्गातल्या दोन मूलभूत बलांच्या एकाच सिद्धांतापाशी आले. त्या सिद्धांताने भाकीत केलेले कण १९८३ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सापडले, ते दोघांच्याही समीकरणांप्रमाणे. नववीतल्या एका मुलीने हे ऐकून मला विचारलं होतं, "म्हणजे मॅडम, मला निवडायची गरज नाही?" मी म्हटलं, "या समीकरणासाठी तरी नाही." याहून जास्त मी बोलले नाही, आणि आजही तेवढंच बरोबर वाटतं.

नेहमी येणारे तीन प्रश्न

"माकडापासून माणूस झाला, तर आज माकडं कशी?" यावर चिडू नका, प्रश्न रास्त आहे, शिकवण्यात खोट राहिलेली असते. माणूस आजच्या माकडापासून झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. चिंपांझी आपलं चुलत भावंड. दोघांचे पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एक होते. तुमचे चुलतभाऊ आहेत म्हणून तुम्ही नाही असं होत नाही ना? कुणाला पुरावा हवा असेल तर गुणसूत्रांचा सांगा. चिंपांझीच्या २४ जोड्या, आपल्या २३. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र बघितलं तर एरवी टोकाला असणारी रचना त्याच्या मधोमध सापडते. दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून ते झालं आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हर खटल्यात, म्हणजे शाळेत उत्क्रांती कशी शिकवावी यावरच्या खटल्यात, हा पुरावा न्यायालयात समजावून सांगणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत.

"प्रार्थनेने बरं वाटतं त्याचं काय?" इथे फार हळुवार व्हा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी त्यांच्यातल्या काहींसाठी प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. म्हणजे फरक नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ते प्रमाण ५९ टक्के होतं. हा अभ्यास मी आपणहून कधी काढत नाही, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसासमोर तर नाहीच. कुणी विचारलंच तर सांगते, आणि हेही सांगते की त्यात अनोळखी माणसाच्या दुरून केलेल्या प्रार्थनेचा परिणाम तपासला होता. स्वतः प्रार्थना करणाऱ्याला त्यातून धीर मिळतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि बऱ्याच जणांना तो मिळतो हे मी रोज बघते.

"विज्ञान रोज बदलतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?" पोटातल्या अल्सरचं उदाहरण द्या. काळजी, तिखट आणि आम्लामुळे तो होतो असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यामागे एक जिवाणू दिसला. कुणी ऐकेना. १९८४ मध्ये मार्शलने तो जिवाणू स्वतःच प्यायला आणि आजारी पडून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि आता त्या जिवाणूमुळे झालेल्या अल्सरवर प्रतिजैविकं देतात. बदललं म्हणून रुग्ण बरे झाले. कबूल करण्यासारखीही एक गोष्ट यात आहे, ती लपवू नका: तज्ज्ञ चुकले होते, आणि बरीच वर्षं हट्टाने चुकले होते.

जिथे मागे हटायचं नाही

आदर ठेवायचा म्हणजे सगळ्याला मान डोलवायची असं नाही. लहान मुलाचं औषध बंद करून फक्त अंगारा लावला जात असेल, बरं करतो म्हणून कुणी पैसे उकळत असेल, एखाद्या बाईला तिच्या अंगात काही आहे म्हणून मारहाण होत असेल, तर तिथे समजून घेत बसू नका. आधी त्या जिवाला दवाखान्यात किंवा सुरक्षित जागी न्या; संवाद नंतर. आमच्या शाळेतल्या एका मुलाला फिट यायच्या आणि घरच्यांनी गोळ्या थांबवल्या होत्या. मी त्याच्या वडिलांना एवढंच म्हटलं, "तुम्ही करता ते सगळं करा. गोळीही द्या. गोळी थांबवलीत तर मी गप्प बसणार नाही." आवाज चढवला नाही, पण तिथून हललेही नाही. "करता ते बंद करा" म्हटलं असतं तर दार लागलं असतं. "गोळीही द्या" याला त्यांना नाही म्हणता आलं नाही.

एरवीच्या बोलण्यासाठी जागा आणि वेळ बघा. चारचौघांत नको, लग्नकार्यात नको, मयताच्या घरी तर मुळीच नको. मोबाइलवरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तर चुकूनही नको. तिथे माणूस तुमच्याशी बोलत नसतो, वीस नातेवाइकांसमोर स्वतःची अब्रू सांभाळत असतो. बाजूला फोन करा. आणि एका बैठकीत एकच मुद्दा.

उत्तर येत नसेल तेव्हा

माझे एक काका रोज पहाटे उठून ध्यान करणारे. विज्ञानाला सगळं कळतं या माझ्या सुराचा त्यांना राग होता. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, "चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते ना? मग चंद्राच्या बाजूला एकदाच यायला हवी. दिवसातून दोनदा कशी येते?"

मी इतकी वर्षं भरती-ओहोटी शिकवत होते. आणि मला ते धड सांगता येईना. शब्द जुळवत होते, काका बघत होते. शेवटी म्हटलं, "काका, मला नीट माहीत नाही. बघून सांगते."

दोन दिवस वाचलं, कागदावर आकृत्या काढल्या, आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. चंद्र जवळच्या बाजूचं पाणी जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. म्हणजे जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे जातं आणि पलीकडचं मागे राहतं. फुगवटे दोन्हीकडे येतात, पृथ्वी त्यांच्याखालून फिरते, चंद्रही दरम्यान थोडा पुढे सरकतो. म्हणून साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती.

त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला. पलीकडच्या फुगवट्यावर बोट ठेवून दोनदा समजून घेतलं. मग तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बस. त्या उपासाच्या गोळीचं तुझ्या सासूबाई मला सांगत होत्या. माझी रक्तदाबाची गोळी मी पहाटे ध्यानाच्या आधी घेतो, उपाशीपोटी. ते चालतं का गं?"

"काका, गोळीचं पाकीट दाखवा," मी म्हटलं.